शिबिर, विसावा की आजोळ? विशेष लेकराचा उन्हाळा

मे उजाडला की विशेष शाळेची व्हॅन बंद होते आणि आमच्या लातूरच्या घराचं घड्याळच बिघडतं. लेक ११ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), फिटचं औषध चालू. साडेनऊला बूट घालून दारात उभा राहतो. व्हॅन येणार नाही, हे त्याला पटवायचं कसं?

मागच्या काही उन्हाळ्यांत आम्ही तिन्ही वाटा धरून पाहिल्या.

शहरातल्या शिबिराचा फायदा एकच, पण मोठा: बूट घालून जायला जागा मिळते. आईला मात्र विश्रांती मिळेल या भ्रमात राहू नका. मी तीन तास हॉलच्या पायऱ्यांवर बसून काढायचे, कारण दर थोड्या वेळानं “ताई, जरा आत येता का?” अशी हाक यायची. ढोलकी सुरू झाली की हा कान दाबून भिंतीकडे तोंड करणार, आणि वीस लेकरांमागे मदतनीस दोनच. त्या पोरींचा काय दोष! पैसे भरण्याआधी विचारा: किती मुलांमागे किती माणसं, शांत बसायला वेगळी खोली आहे का, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का. वेळ अकराच्या आत संपणारीच घ्या. फिटसाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर आपल्याकडच्या उन्हात जास्तच जपा. या औषधांनी घाम कमी येऊ शकतो, अंग तापू शकतं. डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

निवासी विसावा, म्हणजे रेस्पाइट केअर, हे शिबिराचं मोठं भावंड नव्हे. ही सोय मुख्यतः सांभाळणाऱ्यासाठी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘समर्थ’ (आता ‘समर्थ-कम-घरौंदा’) योजना यासाठीही आहे. ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढंच येतं. नुसता कर्णबधिर असलेल्या लेकराला ही वाट नाही. आम्हाला जागा मिळाली ती थेट पुण्याकडे. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण रात्रभराच्या प्रवासात लेकराचे जे हाल होतात त्याला सवलत नाही. त्यामुळे आधी जवळपास चौकशी करा. आपल्या विशेष शाळेतल्या बाईंना कुठे जागा आहे हे बहुतेक माहीत असतं.

विसाव्याच्या ठिकाणी चूक माझीच झाली. माहितीच्या कागदावर औषधं, वेळा, फिट आली तर काय करायचं, सगळं लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, “जेवतच नाही.” वरण कालवलेला भात तो तोंडात घेत नाही, हे लिहायचं राहून गेलं होतं.

आजोळाला खर्च नाही, माया भरपूर. पण आजीचे गुडघे धरलेत आणि पाण्याची ओढ असलेल्या लेकरामागे पळायला कोणी नाही. विहिरीला कधी कठडा तरी असतो, शेततळ्याचं काय? आतल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. त्यात शेजारणींचं “बाहेरचं बघून घेतलं का?” सुरूच. लेकरू एका जागी रमणारं असेल आणि सोबत आणखी एक जाणतं माणूस जाणार असेल, तरच आजोळ. नाहीतर दोन दिवस भेटून यावं.

मला विचाराल तर, लेकराची दिनचर्या कोसळत असेल तर शिबिर घ्या, आईचं अंग कोसळत असेल तर विसावा. मात्र पहिल्यांदा ठेवायची वेळ घरात दवाखाना चालू असताना येऊ देऊ नका. जूनमध्ये माझं ऑपरेशन आहे, म्हणून मे महिन्यात दोनच रात्री ठेवून बघणार आहोत. कागद तयार आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय: भात वेगळा, वरण वेगळं.