पायथन पॅकेजचं रिलीज: लॅपटॉपवरून करावं की गिटहब अ‍ॅक्शन्सवरून?

पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या अधिकृत ऑनलाइन भांडारावर) पॅकेज चढवायचे दोन मार्ग आहेत. पहिला जुना: आपल्या मशिनवर बिल्ड करायचं आणि एपीआय टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) देऊन ट्वाइन या टूलने अपलोड करायचं. दुसरा म्हणजे ट्रस्टेड पब्लिशिंग, जे पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये आणलं. यात आवृत्तीचा टॅग गिटहबवर पुश केला की बिल्ड आणि अपलोड दोन्ही गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या स्वयंचलित सेवेवर, होतात.

अगदी पहिलं रिलीज मात्र लॅपटॉपवरूनच करा, तेही टेस्टपायपीआयवर, म्हणजे पायपीआयच्या सरावासाठीच्या वेगळ्या साइटवर. व्हील (इन्स्टॉलसाठी तयार बांधलेलं पॅकेज) ही शेवटी झिप फाइल असते, ती उघडून आत काय गेलं ते स्वतः बघा. डेटा फाइल आत न जाणं फार वेळा घडतं. रेपोमधून (कोडच्या मूळ फोल्डरमधून) टेस्ट चालवल्या की ती फाइल शेजारीच असते, म्हणून सगळं पास होतं. पिपने इन्स्टॉल करणाऱ्याकडे मात्र पहिल्याच इम्पोर्टला कोसळतं. कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, रिकाम्या जागेत) व्हील टाकून टेस्ट चालवल्या तरच टेस्टमध्ये हे पकडता येतं. खऱ्या पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलनाव डिलीट केल्यावरही परत मिळत नाही. खराब आवृत्ती यँक करता येते (म्हणजे नव्या इन्स्टॉलसाठी ती आपोआप निवडली जात नाही), पण दुरुस्ती नव्या नंबरानेच द्यावी लागते.

पुढच्या रिलीजसाठी माझा कौल ट्रस्टेड पब्लिशिंगला आहे. लॅपटॉपवरचं टोकन रद्द करेपर्यंत चालू राहतं. ट्रस्टेड पब्लिशिंगमध्ये मिळणारं टोकन १५ मिनिटांत बाद होतं आणि कुठे साठवावंच लागत नाही. शिवाय कमिट न केलेला (गिटमध्ये नोंद न झालेला) बदल चुकून पॅकेजमध्ये जात नाही. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलच्या प्रकरणात घातक कोड सुरू करणारी स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्स कोडच्या गठ्ठा-फाइलमध्ये) होती, गिट रेपोमध्ये नव्हती. बिल्ड कुठे आणि कशातून झालं, हे म्हणूनच महत्त्वाचं.

टेस्टिंगलाही फायदा होतो. मराठी शब्दयादी वाचणारं पॅकेज लिनक्सवर नीट चालतं आणि विंडोजवर अडकतं, कारण फाइल उघडताना यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळी अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलेलं नसतं. तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिम्सवर टेस्ट पास झाल्याशिवाय अपलोड नाही, असा नियम वर्कफ्लोमध्ये (अ‍ॅक्शन्सना कामं सांगणाऱ्या फाइलमध्ये) घालता येतो. सहकारी मेंटेनरलाही टोकन न देता रिलीज करता येतं.

पण अ‍ॅक्शन्स म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मुळीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या एआय पॅकेजच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांत क्रिप्टो मायनर (दुसऱ्याच्या मशिनवर चोरून क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्रॅम) घुसला, तो अ‍ॅक्शन्सच्याच वाटेने: अनोळखी पुल रिक्वेस्टला (बाहेरच्याने सुचवलेल्या कोडबदलाला) जास्त अधिकार देणारा वर्कफ्लो आणि दूषित केलेला कॅश (पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइल्स). त्यामुळे बाहेरून आलेल्या योगदानाच्या टेस्ट आणि रिलीज यांचे वर्कफ्लो पूर्ण वेगळे ठेवा, रिलीजच्या बिल्डमध्ये कॅश वापरू नका, आणि गिटहब एन्व्हायर्नमेंट (रिलीजला अटी घालणारी गिटहबची सेटिंग) लावून अपलोडआधी माणसाची मंजुरी सक्तीची करा.

तुमचा कोड गिटहबवर नसेल तर गिटलॅबही चालतं. स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर सहसा ट्वाइनच वापरावं लागेल. तेव्हा संपूर्ण अकाउंटचं नको, फक्त त्या एका प्रोजेक्टपुरतं टोकन बनवा.

आणि ट्रस्टेड पब्लिशिंग सुरू झालं की जुनं टोकन त्याच दिवशी पायपीआयवरून काढून टाका. अल्ट्रालिटिक्सवर काही दिवसांत दुसरा हल्ला झाला, तो असंच रद्द करायचं राहून गेलेलं टोकन वापरून.