मेंदूच्या किंवा मणक्याच्या दुखापतीनंतर संशोधनात सहभागी व्हावे का? नाशिकच्या कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

डोक्याला किंवा मणक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या घरच्यांसमोर संशोधनाचा विषय साधारणपणे दोन वेळा येतो. पहिल्यांदा तो अपघातानंतरच्या काही तासांत, कॅज्युअल्टीच्या दाराशी येतो. सिटी स्कॅनचा रिपोर्ट अजून हाती आलेला नसतो आणि एखादे निवासी डॉक्टर कागद पुढे करून सांगतात की तुमचा पेशंट एका अभ्यासात घेता येईल. दुसऱ्यांदा तो वर्ष-दीड वर्षाने येतो, जेव्हा फिजिओथेरपी अंगवळणी पडलेली असते, सुधारणा थांबल्यासारखी वाटते आणि कोणा नातेवाइकाने एखाद्या नव्या उपचाराचा व्हिडिओ पाठवलेला असतो. दोन्ही वेळी समोर आलेली गोष्ट एकाच जातीची नसते. केवळ माहिती गोळा करणारे निरीक्षणात्मक अभ्यास, तातडीच्या उपचारांच्या चाचण्या, जुन्या दुखापतीसाठी घेतल्या जाणाऱ्या पुनर्वसनाच्या किंवा उपकरणांच्या चाचण्या आणि संशोधनाचे नाव लावून पैसे घेऊन विकले जाणारे उपचार, अशा चार वाटा त्यात आहेत. प्रत्येकीचा धोका, खर्च आणि उपयोग वेगळा असल्यामुळे त्यांची एकमेकींशी तुलना केल्याखेरीज होकार किंवा नकार देणे योग्य ठरणार नाही.

निरीक्षणात्मक अभ्यासात उपचार बदलत नाहीत. डॉक्टर एरवी जे करणार तेच करतात. फक्त शुद्धीची पातळी, स्कॅनमधील निष्कर्ष, शस्त्रक्रियेची वेळ आणि पुढील प्रगती यांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते, कधी थोडे जादा रक्त घेतले जाते आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फोन करून रुग्ण स्वतः जेवतो का, कामावर जातो का, घराबाहेर एकटा पडू शकतो का, अशी चौकशी होते. युरोपात २०१४ ते २०१७ या काळात झालेल्या सेंटर-टीबीआय या अभ्यासात मेंदूला मार लागलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची अशी नोंद झाली. रुग्णाचा वैयक्तिक फायदा यात जवळजवळ नसतो, पण धोकाही फारसा नसतो आणि नाशिकहून कुठे जावेही लागत नाही. नाव-पत्ता गुप्त कसा ठेवला जाणार आणि घेतलेले रक्त पुढे कशासाठी वापरले जाणार, एवढे विचारून घेतले की माझ्या मते अशा अभ्यासाला नकार देण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडील दुचाकीचे अपघात, झाडावरून किंवा विहिरीत पडून झालेल्या दुखापती आणि इस्पितळात पोहोचायला लागणारा वेळ या गोष्टी परदेशी आकडेवारीवरून कळणाऱ्या नाहीत.

तातडीच्या चाचण्यांचा निर्णय याहून कितीतरी अवघड असतो. येथे रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरही ठरवत नाहीत. संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडतो आणि अनेकदा एका गटाला खरे औषध, तर दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर डमी औषध मिळते. "आमच्या माणसावर प्रयोग करणार का," ही घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु रूढ उपचार सुरक्षित आणि चाचणीतला उपचार धोक्याचा, हे गृहीतक दर वेळी खरे ठरत नाही. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची प्रथा अनेक देशांत वर्षानुवर्षे चालू होती. क्रॅश या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ प्रौढ रुग्णांवर तिची तपासणी झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला की दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर डमी औषध मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे ज्यांच्या वाट्याला 'काहीच नाही' आले असे घरच्यांना वाटले असते, त्यांचेच रक्षण झाले होते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाबद्दल प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि लहान चाचण्यांतून मोठी आशा निर्माण झाली होती. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि दोन्हींत ते निरुपयोगी ठरले. ट्रॅनेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची क्रॅश-३ ही चाचणी बारा हजारांहून अधिक रुग्णांवर झाली. सर्व रुग्ण एकत्र धरता फरक ठळक नव्हता. सौम्य व मध्यम दुखापतीच्या रुग्णांत मात्र, औषध लवकर मिळाल्यास, डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू कमी झाल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. चाचणीत भाग घेतल्याने आपल्या रुग्णाला नवा आणि अधिक चांगला उपचार मिळेल, ही अपेक्षा म्हणूनच बाजूला ठेवलेली बरी. मेंदूच्या दुखापतीवरील बहुतेक नवी औषधे शेवटच्या टप्प्यात टिकलेली नाहीत.

येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा, जो सहसा कोणी विचारत नाही: या चाचणीत यश कशाला म्हणणार आहेत? कवटीचा मोठा भाग काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देणाऱ्या शस्त्रक्रियेवर रेस्क्यू-आयसीपी ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचे प्रमाण २६.९ टक्के, तर औषधोपचाराच्या गटात ४८.९ टक्के होते. आकडा दिलासा देणारा आहे, पण त्याच चाचणीत जिवंत असूनही भान न आलेल्या अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के होते. वाचलेला माणूस कोणत्या अवस्थेत वाचेल, याचा विचार घरात आधी झालेला असेल, तर संमतिपत्राचा अर्थ नीट लागतो. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने सही करणारी पत्नी, वडील किंवा मोठा मुलगा यांच्यावर हा भार येतो आणि रुग्ण शुद्धीवर येऊन समजण्याच्या स्थितीत आला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घेतली गेली पाहिजे. त्याने त्या वेळी नाही म्हटले, तर तो नकार मान्य करावाच लागतो.

जुन्या दुखापतीसाठीच्या चाचण्यांत घाई नसते, हा त्यांचा मोठा गुण. मणक्याच्या बाबतीत आधी सविस्तर तपासणी होते आणि तिचे स्वरूप घरच्यांना ठाऊक असावे. टाचणी आणि कापसाचा बोळा घेऊन शरीराच्या प्रत्येक बाजूच्या २८ ठिकाणी संवेदना पाहिली जाते आणि प्रत्येक ठिकाणाला शून्य ते दोन गुण मिळतात; हातापायांच्या ठरावीक स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजली जाते; शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचन बोट घालून तपासले जाते, कारण दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण, म्हणजे खालच्या टोकापर्यंत संवेदना किंवा हालचाल थोडीही उरली आहे की नाही, हे त्यावर ठरते. संकोचामुळे हा शेवटचा भाग टाळला जातो आणि मग रुग्ण चुकीच्या श्रेणीत जातो. ए (पूर्ण दुखापत) ते ई (संवेदना आणि ताकद पूर्ववत) या श्रेणींपैकी आपली श्रेणी कोणती, दुखापत मानेची की पाठीची आणि ती होऊन किती काळ झाला, या तीन गोष्टींवर बहुतेक चाचण्यांची पात्रता अवलंबून असते. उदाहरणार्थ, मानेवर बाहेरून इलेक्ट्रोड चिकटवून मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन देण्याची अप-लिफ्ट ही चाचणी मानेच्या दुखापतीने हात अधू झालेल्या ६० जणांवर झाली. आधी दोन महिने केवळ व्यायाम, नंतर दोन महिने व्यायाम आणि उत्तेजन असा तिचा क्रम होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७२ टक्के सहभागींच्या हातांची ताकद आणि वापर या दोन्हींत सुधारणा झाली. निफाडकडे झाडावरून पडून कमरेखाली लुळेपणा आलेल्या शेतकऱ्याला मात्र अशा चाचणीत प्रवेश मिळाला नसता आणि मिळाला असता तरी उपयोग नव्हता.

नाशिककरांच्या दृष्टीने या प्रकारात खरी अडचण अंतराची आहे. तातडीच्या चाचणीत रुग्ण जेथे दाखल आहे तेथेच सर्व होते. पुनर्वसनाच्या चाचणीत मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा केंद्रावर हजर राहावे लागते आणि ती केंद्रे बहुधा मुंबई, पुणे, दिल्ली किंवा बेंगळुरूला असतात. कसारा घाट उतरून मुंबईला जायला चार तास, तितकेच परतायला. इतका वेळ बसून राहणाऱ्या पॅराप्लेजियाच्या (कमरेखाली लुळेपणा आलेल्या) रुग्णाने वारंवार हात टेकून बूड उचलले नाही, तर बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, होण्याची भीती असते आणि कॅथेटरची (लघवीच्या नळीची) वेळ वाटेत सांभाळावी लागते ती वेगळीच. एका बेडसोरने चार महिन्यांचा व्यायाम पाण्यात जातो. त्यामुळे प्रवासखर्च मिळतो का, एवढेच विचारून थांबू नये. सोबत येणाऱ्याचा खर्च, जवळपास राहण्याची सोय, चाकाची खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आणि काही भेटी नाशिकच्याच फिजिओथेरपिस्टकडे होऊ शकतील का, हेही विचारावे. द्राक्षबागेवर पोट असलेल्या घराने ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंतच्या काळात आठवड्याला दोन फेऱ्यांचे वचन देऊ नये. मध्येच सोडण्याचा हक्क सहभागीला नेहमीच असतो, परंतु अर्धवट सहभागाने अभ्यासालाही उपयोग होत नाही आणि रुग्णाच्या मनालाही खट्टू वाटते. सोडून जाणारा नेहमी रुग्णच असतो असेही नाही. भ्रूणाच्या स्टेम सेलपासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) बनवलेल्या पेशी मज्जारज्जूत सोडण्याची अमेरिकेतील जेरॉन कंपनीची चाचणी २०१० मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आर्थिक कारणाने ती थांबवली. चाचणी बंद पडल्यास पुढील तपासण्या कोण करणार, उपकरण बसवले असल्यास त्याची देखभाल कोण पाहणार, हे संमतिपत्रात शोधावे.

चौथ्या वाटेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती या तुलनेत घ्यावी लागते, कारण ती संशोधनाचा वेश घेऊन येते. "आमचे संशोधनावर आधारित स्टेम सेल पॅकेज" असे सांगून काही लाख रुपये घेणाऱ्या जागा मोठ्या शहरांत आहेत आणि तेथील प्रतिनिधी फोनवर फार अगत्याने बोलतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा इतर कोणताही वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ज्याला पैसे मोजावे लागतात, ज्यात तुलनेचा गट नाही आणि ज्याचा निकाल कुठे प्रसिद्ध होणार नाही, ते संशोधन नव्हे. "पण अमक्याच्या पायात हालचाल आली," हा युक्तिवाद त्यावर हमखास येतो. मणक्याच्या दुखापतीनंतर आपोआप होणारी सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत सर्वाधिक असते आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत मंद गतीने चालू राहते. त्या काळात दिलेल्या कोणत्याही इंजेक्शनला श्रेय मिळते. धोका मात्र काल्पनिक नाही. पोर्तुगालमध्ये नाकातील पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली आणि शस्त्रक्रियेत तेथे नाकातल्यासारखा श्लेष्मा तयार करणारी गाठ सापडली; ही नोंद २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. शिवाय पूर्वी असे उपचार घेतलेल्यांना अनेक खऱ्या चाचण्यांतून वगळले जाते. जमीन विकून घेतलेले इंजेक्शन पुढची विनाखर्चाची संधीही घालवू शकते, हे कोणताही प्रतिनिधी सांगत नाही.

खरी चाचणी ओळखणे त्या मानाने सोपे आहे. भारतातील क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तेथे सक्तीची झाली. सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागावा आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने तो संकेतस्थळावर घालून केंद्राचे नाव, प्रायोजक आणि पात्रतेचे निकष पडताळावेत. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर बोलणे तेथेच थांबवावे. नोंदणी म्हणजे उपचार चांगला असल्याची पावती मात्र नव्हे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत सहभागीला इजा झाल्यास तिच्यावरील उपचार मोफत द्यावे लागतात आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास आर्थिक भरपाईही द्यावी लागते. ही हमी पैसे देऊन घेतलेल्या 'पॅकेज'ला नसते.

संमतिपत्र आणि माहितीपत्रक मराठीत मागावे, ते घरी आणून वाचायला वेळ मागावा आणि तातडीच्या प्रसंगी निदान कुटुंबातील दोघांनी मिळून डॉक्टरांकडून तोंडी समजून घ्यावे. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असणे आवश्यक आहे. नकार दिल्यास नेहमीच्या उपचारांत कोणताही फरक पडणार नाही, हे वाक्य पत्रकात असलेच पाहिजे. सही झाल्यावर सर्व पानांची प्रत ताब्यात घ्यावी आणि तिच्यावर मुख्य संशोधकाचा व नैतिकता समितीच्या (सहभागींच्या हितासाठी चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या) सचिवांचा फोन क्रमांक असल्याची खात्री करावी, कारण तक्रार करण्याची वेळ आली, तर ती ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याकडेच न करता समितीकडे करता येते.