विहिरीत उतरायला गुहेतला दोर: दीड वर्षाचा अनुभव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात मोटारपंप काढणं-बसवणं हे माझं वीस वर्षांचं काम. आमच्याकडे विहिरीत उतरायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पिवळी प्लास्टिकची दोरी कमरेला, वर धरायला दोन माणसं, आत एक पाय कपारीत आणि एक पाइपावर. चार वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ असाच उतरला. दोरी काठाच्या दगडावर घासत होती, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. ती तुटली आणि तो पंधरा फुटांवरून गाळात पडला. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं, आणि अजूनही त्याला जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही.

मागच्या वर्षी कापसाचा पहिला वेचा विकला आणि ३१,००० रुपयांचा हा संच घेतला. साडेदहा मिलिमीटरचा ४० मीटर स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर, बसता येईल असा कमरेचा-मांड्यांचा पट्टा म्हणजे हार्नेस, दोरावरून खाली उतरायचा आणि मूठ सोडली की थांबणारा डिसेंडर, वर चढायचे दोन असेंडर (एक छातीवर, एक हातात), हेल्मेट आणि सहा कॅराबिनर, म्हणजे अडकवायच्या कड्या. पुण्यात शिकणारा माझा भाचा गिर्यारोहण करतो, त्याने निवडून दिला.

हे सामान डोंगर चढणाऱ्यांचं असेल असं मला वाटलं होतं. भाच्याने सांगितलं, मामा, यातलं बरंचसं खोल गुहांत उतरणाऱ्यांनी घडवलेलं आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल शहराजवळ आल्प्सची चुनखडीची पठारं आहेत. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीच्या भेगांत उतरतं, दगड विरघळवतं, आणि हजारो वर्षांत भेगेची सरळ खाली जाणारी विहीर होते. हे मला लगेच पटलं, कारण गडचांदूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात तिच्यातच आमच्या काही विहिरी खणल्या आहेत, आणि एका विहिरीच्या भिंतीत हात कोपरापर्यंत जाईल असं गुळगुळीत भोक मी स्वतः पाहिलं आहे. तिकडच्या पठारावर १९५३ साली बर्जर नावाची गुहा सापडली आणि १९५६ साली तिच्यात माणसं १००० मीटरच्या खाली पोहोचली. जगात पहिल्यांदाच. म्हणजे आमच्या पन्नास फुटांच्या पासष्ट विहिरी एकाखाली एक. त्या काळी तारेच्या शिड्या लटकवून जात. पुढे शिड्या गेल्या आणि एका दोरावर उतरायचं, त्याच दोरावर चढायचं असं तंत्र आलं. त्याच भागातल्या गुहा धुंडाळणाऱ्या फर्नांड पेट्झलने ही साधनं बनवायला घेतली. माझा संच दुसऱ्या कंपनीचा आहे, रचना तीच.

आता कामाचं. डिसेंडरची एक गोष्ट प्रत्येकाने मनावर घ्यावी. मूठ दाबली की दोर सरकतो, सोडली की थांबतो. घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, आवळतो, आणि मग जास्तच वेगाने खाली जातो. मी आठ दिवस घरामागच्या कडुलिंबाला दहा फुटांवर लटकून मूठ सोडायची सवय केली. दुसरा हात खालच्या दोरावरून कधीच काढायचा नाही. थांबून काम करायचं तर दोराची गाठ मारून डिसेंडर पक्का करायचा, मगच दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा तीस फुटांवर असा बसून दोन पान्यांनी पाइपाच्या जोडाचे (फ्लँजचे) बोल्ट कसले, तेव्हा पाय थरथरत नव्हते. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

दोर दोन ठिकाणी बांधतो, जिवंत झाडाला आणि चाकाला दगड लावलेल्या ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरची चावी माझ्या खिशात. जुन्या कठड्याला कधीच नाही. गुहेत दोर दगडाला घासायला लागला की तिथे नवा खिळा ठोकून तो पुन्हा टांगतात. मी काठावर गोणपाटाची चौघडी घालतो आणि दर वेळी दोर बोटांतून फिरवून पाहतो. खालच्या टोकाला जाड गाठ हवीच, नाहीतर दोर संपल्याचं कळेपर्यंत माणूस खाली गेलेला असतो.

तक्रारीही आहेत. दुकानाने ४० ऐवजी ३० मीटरचा दोर पाठवला, बदलून मिळायला २२ दिवस लागले. ऐन हंगामात. माहितीपुस्तकात कितीतरी भाषा आहेत, मराठी नाही, हिंदीही नाही. ज्या वस्तूवर जीव टांगायचा तिचं पुस्तक भाच्याकडून वाचून घ्यावं लागलं, हे मला चुकीचं वाटतं. नवा दोर भिजला की आखडतो, हेही विकताना सांगितलं नाही. काळ्या मातीचा चिकट चिखल असेंडरच्या दातांत बसला की तो सटकतो, म्हणून जुना दातघासणीचा ब्रश खिशात ठेवतो. आणि दोर ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका, ॲसिडने नायलॉन सडतं आणि बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, हा दोर गॅसपासून वाचवत नाही. विहिरीत इंजिन चालवलं असेल तर उतरूच नका. कंदील विझला नाही म्हणून हवा चांगली असं समजू नका, इंजिनच्या विषारी धुराने कंदील विझत नाही.

घ्यायचा असेल तर दोराच्या टोकावरच्या पट्टीवर ईएन १८९१, टाइप ए (अशा दोरांचं युरोपातलं मानक) असं छापलेलं पाहून घ्या. तो किमान २२०० किलोचा ताण सोसेल असा तपासलेला असतो. विहिरीची खोली अधिक झाडापर्यंतचं अंतर, त्यावर पाच मीटर जास्त घ्या. परवा नव्या गिऱ्हाइकाकडे निघालो तर बायकोने दारातून विचारलं, "दोर घेतला का जी?" पूर्वी ती डबा घेतला का विचारायची.