पहिला पिकाचू: चौकोन आखून की वर्तुळांपासून?

आवडतं कार्टून पात्र पहिल्यांदाच कागदावर उतरवायचं ठरलं की नवख्यासमोर दोन वाटा असतात. एक, मूळ चित्रावर आणि कागदावर चौकोनांची सारखी जाळी आखायची आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. दुसरी, वर्तुळं आणि अंडाकृती मांडून त्यांतून आकृती घडवायची. मी एकाच आठवड्यात, एकाच मूळ चित्रावरून, दोन्ही वाटांनी पिकाचू, म्हणजे पोकेमॉनमधला तो पिवळा प्राणी, काढला. साहित्य दोन्हीकडे तेच लागतं, त्यामुळे त्याबद्दल वेगळं सांगत नाही.

जाळीच्या पद्धतीला काही जण नक्कल म्हणून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. प्राचीन इजिप्तचे चित्रकार उभी आकृती काढताना तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन मोजत. १४३५ मध्ये इटलीतले कलापंडित लेओन बातिस्ता आल्बेर्ती यांनी चित्रकारांना दोऱ्यांनी चौकोन पाडलेला झिरझिरीत पडदा समोर धरून बघायला सांगितलं होतं. त्यांना जी अडचण जाणवली तीच आपल्यालाही येते: हात डोळ्यांचं ऐकत नाही, आठवणीचं ऐकतो. पिकाचूच्या शेपटीचंच बघा. तिचं टोक काळं असतं असं कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात काळी असतात ती कानांची टोकं. शेपटी बुडाशी तपकिरी आणि पुढे टोकापर्यंत पिवळीच. मीही टोक काळं करायला निघालो होतो. त्या कोपऱ्यातला चौकोन मूळ चित्रात निव्वळ पिवळा दिसला, म्हणून हात थांबला.

मी मूळ चित्रावर एक सेंटीमीटरचे आणि कागदावर दोन सेंटीमीटरचे चौकोन आखले. डोळे पहिल्याच फटक्यात जागेवर बसले. नवख्याच्या पिकाचूत हमखास बिघडतात ते डोळेच: ते जवळजवळ येतात आणि चेहरा भलत्याच प्राण्याचा होतो. खरं तर ते चांगले लांब असतात, मध्ये इवलंसं नाक, आणि लाल गाल चेहऱ्याच्या पार कडेला. पेन्सिलीचं काम संपलं तेव्हा कागदावर खरोखरच पिकाचू होता. तो आनंद मी विसरणार नाही.

मग रंग भरायला घेतला, आणि तिथे सगळं फिरलं.

पिवळा रंग काही लपवत नाही. जाळीच्या रेघा मी खोडरबराने पुसल्या होत्या, कागद स्वच्छ वाटत होता. पण पट्टी लावून आखताना पेन्सिल नकळत दाबली जाते आणि रेघ पुसली तरी तिची खाच कागदात राहते. रंगीत पेन्सिल त्या खाचेवरून नुसती घसरत जाते, आत उतरत नाही. पिवळा चढत गेला तशी पोटावर, कपाळावर, गालांच्या मधोमध फिकट रेघांची जाळी उमटत गेली. जिथे शिसं पुरतं निघालं नव्हतं तिथे ते पिवळ्यात मिसळून मळकट हिरवट झालं. पुन्हा खोडावं तर कागदाचे तंतू सुटतात आणि त्या जागी रंग आणखी गडद, खरखरीत बसतो. पिकाचूऐवजी निळं किंवा तपकिरी पात्र असतं तर कदाचित एवढं जाणवलंही नसतं.

यावर उपाय आहेत आणि मी ते करूनही पाहिले. पिवळ्याच पेन्सिलीने जाळी आखली; संध्याकाळच्या उजेडात रेघा दिसेनात आणि चौकोन मोजताना दोनदा ओळ चुकली. दुसरा उपाय म्हणजे एका कागदावर काढून खिडकीच्या काचेवर दुसऱ्यावर गिरवायचं. तो बराच चालतो, पण गिरवलेली रेघ थोडी निर्जीव येते, निदान माझी आली. ज्याचा हात मुळातच हलका आहे त्याला यातलं काहीच सोसावं लागणार नाही, हेही मान्य.

वर्तुळांच्या वाटेची सुरुवात मात्र निराशेची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या दोन प्रयत्नांत डोकं धडापेक्षा लहान झालं आणि कान आखूड. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की डोक्याचं वर्तुळ वरून किंचित दाबलेलं हवं, आणि त्यावरची उभी-आडवी मार्गरेषा सरळ न काढता चेंडूवरून गेल्यासारखी वाकलेली हवी. ती वाकवली की चेहरा वळतो. कान मी जवळजवळ डोक्याच्या उंचीएवढे लांब घेतले, तेव्हा ते पटले. शेपूट शेवटी काढली: बुडाशी अरुंद, मग विजेसारख्या घड्या, टोकाकडे रुंद होत गेलेली.

या पात्राला वर्तुळं मानवतात याला कारणही असावं. पोकेमॉनच्या चित्रकार अत्सुको निशिदा यांनी पिकाचू रेखाटला तेव्हा त्यांच्या मनात खार होती; खार गालांत खाऊ साठवते, तशी हा वीज साठवतो. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या वेळचा पिकाचू तर आजच्यापेक्षा बराच गुबगुबीत होता, मान जवळजवळ नव्हतीच. सुरुवातीला ते जुनं रूप समोर ठेवलं तर सोपं जातं, कारण डोकं आणि धड ही एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळंच वाटतात.

इथेही मार्गरेषा पुसाव्या लागतात, पण चेहऱ्यावर त्या दोनच. त्या पट्टीशिवाय, मोकळ्या हाताने काढलेल्या असल्याने खाच पडत नाही, आणि बाकीच्या बऱ्याचशा बाह्यरेषेखाली जातात. माझा तिसरा पिकाचू मापाला जाळीवाल्याइतका नेमका नव्हता. उजवा डोळा अंमळ खाली गेला होता. पण त्याचा पिवळा पिवळाच होता, स्वच्छ, आणि त्याच्याकडे बघताना मला तो जिवंत वाटला. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र न उघडता मी झोपलेला पिकाचू काढला. जाळीने ते मला जमलं नसतं, कारण झोपलेल्या पिकाचूचं चित्र माझ्याकडे नव्हतंच.

तेव्हा कोणाला उद्याच भेट द्यायची असेल आणि चित्र नुसतं पेन्सिलीचं चालणार असेल, तर चौकोन आखा; हाती काहीतरी नक्की लागेल. रंग भरायचे असतील आणि चार-पाच कागद वाया घालवायची तयारी असेल, तर मी वर्तुळांकडेच बोट दाखवीन. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरा, म्हणजे दाब आपोआप कमी पडतो, आणि पहिलं वर्तुळ कागदाच्या मध्यापेक्षा थोडं खाली घ्या. वर कानांना जागा लागते.