लक्ष्मणफळ पावडर, 4,800 चा डबा आणि "केमो बंद करा" वाला माणूस

नागपूरकरांनो, घरात कोणाला कॅन्सर असेल तर हे वाचाच. आमच्या आत्याची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू होती, ते लाल सलाईन असते ना, डॉक्सोरुबिसिन, ते. शेजारच्या काकू तिला मनीषनगरातल्या एका हॉलमध्ये फ्री आरोग्य शिबिराला घेऊन गेल्या. तिथं एक सुटाबुटातला माणूस, स्वतःला डॉक्टर म्हणवून राहिला होता, कशातला डॉक्टर ते शेवटपर्यंत सांगितलं नाही बाप्पा. स्क्रीनवर त्याने 1996 चा पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा पेपर दाखवला, म्हणे लक्ष्मणफळातलं एक द्रव्य केमोपेक्षा 10,000 पट स्ट्राँग, आणि तुलना कशाशी तर ॲड्रियामायसिनशी, म्हणजे त्याच लाल औषधाचं दुसरं नाव. आत्याला तेच चालू होतं, मग काय, जागेवरच चार डबे घेतले.

आता खरी गोम ऐका. पेपर खोटा नाहीच! पण त्यातलं द्रव्य फळाच्या बियांमधून वेगळं काढलेलं, याच्या डब्यात पानांची पावडर. ते चाललं आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर, तेही लॅबमधल्या ताटलीत. ताटलीत तर फिनाईल टाकलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात, म्हणून कोणी पिते का? पोटात गेल्यावर किती पचतं, रक्तात किती उतरतं, गाठीपर्यंत किती पोचतं, चांगल्या पेशींचं काय होतं, हे सगळं पुढचं काम, आणि माणसांवर तपासून लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो असं कुठंच सिद्ध झालेलं नाही. झाडापासून औषधं बनतात, हौ, व्हिनक्रिस्टीन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच आलं, पण ते मोजून-मापून सलाईनमधून देतात, अंगणातली पानं चावून नाही.

उलट कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला, 1999 मध्ये ते छापून आलं, त्यातलं ॲनोनासिन मेंदूच्या पेशींना घातक आहे. हे त्या शिबिरात कोण सांगणार!

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. त्याने फोनवर आत्याला सांगितलं का केमो आणि पावडर सोबत चालत नाही, केमो थांबवा, आणि तिने घरी न सांगता एक डोस चुकवला. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. आता केमो परत चालू आहे.

पैसे मागायला गेलो तर बिलावर "फूड सप्लिमेंट", आणि डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात, हे कोणत्याही आजारावरचं औषध नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण हा सगळं तोंडी बोलला, पुराव्याला एक ओळ लिहून दिली नाही. असं शिबिर दिसलं तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, बिल आणि डबा सांभाळून ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाका. आमची टाकली आहे, रेकॉर्डिंगशिवाय.

त्याच नंबरवरून आता संत्र्याच्या सालीच्या कॅप्सूलचे मेसेज येऊन राहिले, हेस्पेरिडिन म्हणून, किंमत तीच 4,800.