फोम रोलर घ्या, पण खोक्यावर छापलंय त्यासाठी नको

आधी निकाल सांगते. आखडलेल्या स्नायूंवर दाबून फिरवायचा हा रोलर चांगला आहे आणि वापरल्यावर बरं वाटतं. खोक्यावर आणि आतल्या पुस्तिकेत जे छापलंय, ते मात्र बहुतेक थाप आहे. मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवते. दिवसाचा बराच वेळ डिसेक्शन टेबलापाशी जातो, त्यामुळे ‘चिकटलेला फॅशिया मोकळा करा’ असं कुणी छापलेलं दिसलं की गप्प बसवत नाही. फॅशिया म्हणजे स्नायूंना आणि अवयवांना वेढणारं, एकमेकांशी जोडणारं आवरण.

वस्तूबद्दल थोडक्यात. आत कडक, पोकळ नळी आणि वर फोमचं जाड आवरण, त्यावर चौकोनी उंचवटे आणि मधे खाचा. अंगाचं पूर्ण वजन टाकलं तरी वाकत नाही. नुसत्या मऊ फोमचे रोलर वापरून वापरून मधे बसतात, तसं याचं अजून झालेलं नाही. गुळगुळीत फरशीवर सरकतो, खाली मॅट घ्यावीच लागते. खाचांमध्ये केस अडकतात आणि घरात कुत्रा असेल तर विचारूच नका. दिवसभर उभं राहून भरून आलेल्या पोटऱ्यांना मात्र झकास.

खरी गंमत मांडीच्या बाहेरच्या बाजूला आहे. तिथे रोलर फिरवला की डोळ्यांत पाणी येतं आणि पुस्तिका म्हणते, नेमका तिथेच जास्त वेळ द्या, म्हणजे आयटी बँड सैल होतो. होत नाही हो. आयटी बँड म्हणजे मांडीला वेढणाऱ्या फॅशिया लाटाचा जाड झालेला भाग, आणि तो आतून मांडीच्या हाडाला घट्ट बांधलेला असतो. घोड्याची मांडी सोलली की याच जातीचा पांढरा, चकाकता थर समोर येतो. विद्यार्थ्यांना मी तो चिमट्यात पकडून ओढायला लावते. दोघं मिळून ओढतात, तरी लांबत नाही. पातं बोथट असेल तर वरून नुसतं घसरतं.

हे फक्त माझ्या टेबलावरचं निरीक्षण नाही. २००८ मध्ये हंस चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडून हिशेब केला की हाताने दाब देऊन माणसाचा फॅशिया किती बदलतो. फॅशिया लाटा जेमतेम १ टक्का दाबला जायला ९०० किलोंहून जास्त भार लागेल, असं उत्तर आलं. तळपायाच्या फॅशियाचीही तीच तऱ्हा. नाकावरचा मऊ, वरवरचा फॅशिया मात्र हाताच्या दाबाने बदलू शकेल असं निघालं. म्हणजे नाकावर रोलर फिरवायची तयारी असेल तर पुस्तिकेतला दावा थोडाफार खरा ठरेल.

मग बरं का वाटतं? माझ्या मते हे काम जास्त करून नसांचं आणि मेंदूचं आहे. दाबाची सवय होते, दुखण्याचा उंबरठा वर सरकतो, स्नायू ताणाला कमी विरोध करतो. एका पोटरीवर रोलर फिरवला तर दुसऱ्या पायाचा घोटाही थोडा जास्त वाकतो, असं प्रयोगांत दिसलंय. दुसऱ्या पायाचा फॅशिया कुणी दाबला होता? २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. व्यायामाआधी रोलर वापरल्याने लवचिकता सरासरी ४ टक्के वाढली आणि धावण्याचा वेग ०.७ टक्का. परिणाम आहे, पण बेताचा. तोही टिकाऊ नाही, त्यामुळे सकाळी रोलर फिरवून संध्याकाळपर्यंत मोकळं वाटेल अशी आशा ठेवू नका.

पुस्तिकेचा सर्वांत जास्त राग आला तो एका चित्रामुळे. दोन स्नायूंच्या मधे कापसासारखे पांढरे तंतू दाखवलेत, खाली लिहिलंय ‘गुंता’, आणि शेजारी रोलरनंतरचं स्वच्छ, गुळगुळीत चित्र. अहो, ते तंतू म्हणजे विरळ संयोजी ऊतक, म्हणजे अवयवांना सैलसर जोडून ठेवणारं जाळं. ते निरोगी जनावरातही असतं आणि असायलाच हवं, कारण त्याच्याच जोरावर एक स्नायू दुसऱ्यावरून सरकतो. ताज्या शवात ते ओलसर असतं, स्नायूंच्या मधे बोट घातलं की आपोआप बाजूला होतं, सुरी लागतच नाही. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे शव टिकवायच्या द्रावणात, मुरवलेल्या शवात तेच आवळून, खरखरीत होऊन बसतं. तसल्या नमुन्यावरून चित्र काढलं असेल तर गुंता दिसणारच.

चीड यायचं कारण असं की फॅशियावर खरोखर सुंदर संशोधन चाललंय. २००७ मध्ये बोस्टनला पहिली आंतरराष्ट्रीय फॅशिया परिषद भरली. त्याआधी बहुतेक जण फॅशियाला कापून बाजूला टाकायचं वेष्टण समजत होते. रॉबर्ट श्लाइप यांच्या गटाने उंदरांच्या पाठीच्या फॅशियात आकुंचन पावणाऱ्या पेशी दाखवल्या. इटलीतल्या पादुआच्या कार्ला स्टेको यांनी थरांच्या मधल्या हायल्युरोनानवर काम केलं. हा बुळबुळीत पदार्थ घट्ट झाला तर थरांचं सरकणं अडतं, असा त्यांचा विचार आहे. हेलेन लँजव्हिन यांनी २०११ मध्ये सोनोग्राफीने मोजून दाखवलं की जुनी कंबरदुखी असलेल्यांत पाठीच्या फॅशियाचे थर एकमेकांवरून सुमारे २० टक्के कमी सरकतात. दुखण्यामुळे सरकणं कमी झालं की सरकणं कमी झाल्यामुळे दुखलं, हे त्या मोजणीतून कळत नाही.

म्हणून पुढचा डुकरांवरचा प्रयोग मला जास्त आवडतो. काही डुकरांच्या पाठीच्या फॅशियाला इजा केली, काहींची चाल बांधून मर्यादित केली, काहींचं दोन्ही केलं. दोन्ही केलेल्यांत थरांचं सरकणं ५२ टक्क्यांनी घटलं. इजेइतकंच न हालणंही नडतं, आणि पुस्तिकेत या मुद्द्यावर एक ओळ नाही. असणार कशी? हालचालीचं खोकं विकता येत नाही. मी कंपनीला चित्राबद्दल सविस्तर लिहिलं. उत्तरात पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं.

शेवटच्या पानावर कुत्र्याचा फोटो आहे, ‘तुमच्या लाडक्यासाठीही’. कृपया नको. कुत्र्याची कातडी खालच्या सैल फॅशियावर इतकी मोकळी हलते की रोलरसोबत कातडीच पुढेमागे जाते, खाली फारसं काही पोचत नाही. शिवाय प्रत्येक प्राण्याची ठेवण वेगळी. घोड्याच्या कातडीखाली पातळ स्नायूचा थर असतो, त्यानेच तो माशी बसलेली जागा थरथरवतो. गाई-घोड्यांच्या पोटाखालचा फॅशिया इलास्टिन या लवचिक प्रथिनामुळे चक्क पिवळा असतो, कारण त्याला आतड्यांचं एवढं मोठं ओझं दिवसरात्र पेलायचं असतं. माणसाच्या मांडीचं चित्र दाखवून यांना कसली मालिश सुचवता? जनावर लंगडत असेल तर पशुवैद्याला दाखवा.

कुणी घ्यावा? बसून किंवा उभं राहून काम करणाऱ्यांनी, धावणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. पोटऱ्या, मांडीची पुढची बाजू, पाठीचा वरचा भाग इथे सावकाश फिरवावा, दात-ओठ खाऊन नाही. कंबरेच्या मणक्यांवर आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत नको. हाडं ठिसूळ असतील, पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आखूड आणि लांब असे दोन आकार मिळतात. पाठीसाठी हवा असेल तर लांबच घ्या, आखूडवरून माणूस बाजूला घरंगळतो.