‘स्पेलबाइंडर्स इन सस्पेन्स’: आठवीच्या पुढच्या मुलांसाठी जुना, अस्सल संग्रह

इंदूरच्या खजुरी बाजारात गाइडांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या थप्प्यांखाली हे पुस्तक दिसलं, तर घासाघीस करत बसू नका, घेऊन टाका. ‘आल्फ्रेड हिचकॉक्स स्पेलबाइंडर्स इन सस्पेन्स’ हा न्यूयॉर्कच्या रँडम हाउसने १९६७ साली कुमार वाचकांसाठी काढलेला कथासंग्रह. मला दोनशे रुपयांत मिळाला. पानं पिवळी पडलीत, पण बांधणी अजून घट्ट आहे.

कव्हरवर नाव रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं असलं, तरी कथा वेचल्या रॉबर्ट आर्थर यांनी. ‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’ ही पोरांची मालिका १९६४ मध्ये सुरू करणारे तेच. खरं कौतुक त्यांचं. मुलांसाठी म्हणून गुळगुळीत गोष्टी न शोधता त्यांनी मोठ्यांच्याच दमदार कथा मुलांच्या हाती दिल्या. मुलांवर एवढा विश्वास टाकणारा संपादक मला फार मोलाचा वाटतो.

रोआल्ड डालची ‘मॅन फ्रॉम द साउथ’ मी भाच्याला आणि भाचीला मोठ्याने वाचून दाखवली. दोघं इंग्रजी शाळेत जातात, घरी मराठी बोलतात. त्यामुळे थोडं वाचायचं, अडलं की मराठीत सांगायचं, असं चाललं होतं. जमैकातल्या हॉटेलात एक म्हातारा एका तरुणाशी पैज लावतो: तुझा लायटर सलग दहा वेळा पेटला तर माझी कॅडिलॅक तुझी; एकदा जरी चुकला तर तुझ्या डाव्या हाताची करंगळी माझी. मग खोलीत खिळे, दोरी, सुरा यांची शांतपणे मांडामांड होते आणि मोजणी सुरू होते. एक. दोन. तीन. डाल घाई करत नाही. पाचाच्या पुढे गेलो तेव्हा भाच्याने स्वतःची करंगळी मुठीत घट्ट दाबून धरली होती.

डॅफ्नी द्यु मोरिएची ‘द बर्ड्स’ (१९५२) तिच्यावरून हिचकॉकने काढलेल्या सिनेमापेक्षा फार वेगळी आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं शेतमजुराचं घर, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, भरतीबरोबर येणारे पक्ष्यांचे हल्ले आणि गप्प झालेला रेडिओ. भाचीने विचारलं, “पण मावशी, पक्षी चिडले कशामुळे?” लेखिका सांगत नाही, आणि माझ्या मते कथेची ताकद तिथेच आहे. भाचीला ते अजून पटलेलं नाही. रिचर्ड कॉनेलची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९२४) मात्र दोघांना एका बैठकीत संपवावी लागली. शिकाऱ्याचीच शिकार होते म्हटल्यावर कोण मध्येच उठणार?

रॉबर्ट ब्लॉकची जॅक द रिपर या लंडनच्या कुख्यात खुन्यावरची कथा मी तूर्त मागे ठेवली आहे. बायकांच्या खुनांचा विषय बारा वर्षांच्या मुलीला एकटीने वाचायला देऊ नये. दहावीत गेल्यावर द्या, आणि नंतर बोला तिच्याशी.

मतकरी-धारपांच्या गूढकथांची चटक असलेल्या घरात हे पुस्तक सहज रुळेल. फक्त घेताना प्रत्येक कथेचं शेवटचं पान जागेवर आहे ना, ते दुकानातच उघडून बघा. जुन्या प्रतींत नेमकं एखादं पान गळालेलं असतं, आणि डालच्या कथेत तर सगळा जीव अखेरच्या ओळींत आहे.